आठवं कार्ड

दूधवाला जिंकला का हरला, एवढंच मले माहीत करून घ्यायचं होतं. एकतीस वर्षं झाली. आमची कामिनी तर येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, "ह्यांले पोरीच्या लग्नाची तारीख ध्यानात राहत नाही, पण शंभर वर्षांमागची कुस्ती कोणी मारली म्हणून झोप येत नाही." नाही येत तर नाही येत. काय करता?

मी श्रीधर. सदरमधल्या एका फोटो स्टुडिओत जन्मभर रिटचिंग केलं, आता घरी बसून लोकांचे जुने फोटो दुरुस्त करतो. आणि लॉबी कार्डं जमवतो. पूर्वी टॉकीजच्या व्हरांड्यात काचेमागं सिनेमातल्या प्रसंगांचे छापील पुठ्ठे लावत, ते. त्यातही मले मुक्या सिनेमांचे पाहिजेत, आणि त्यातही खेळांचे: कुस्ती, घोड्यांच्या शर्यती, पोहणं. लोक हसतात. हसा बापा.

'कोल्हारचा मल्ल' या सिनेमाची रिळं कुठंच उरली नाहीत. कार्डं आठ होती. सात माझ्याजवळ आहेत; तीन लकडगंजातल्या रद्दीच्या गोदामात भेटली, बाकीची एकेक करत. पहिल्यात दूधवाला कावड घेऊन उभा. तिसऱ्यात राजाचा पहिलवान त्याची कावड लाथेनं उडवते. सातव्यात दोघं आखाड्यात भिडलेले, दूधवाल्याच्या डाव्या गुडघ्याले पट्टी, आणि मागं सारं गाव तोंड उघडं टाकून पाहून राहिलं. बस. आठवं नाही. जेवायले बसवून भात वाढायच्या वेळी उठवावं, तसं झालं माझं. मी आपला धरून चाललो होतो, जिंकलाच असन. नाही तर सिनेमा कायले काढतील?

मागच्या महिन्यात इंदोरा वस्तीतून इंदूबाई आल्या. पंच्याहत्तरीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊ, बाबाचा हा एवढाच फोटो आहे. छप्पनसालचा, दीक्षा घेतली त्या दिवसाचा. बुरशी चढून राहिली. वाचवता येईन काय?"

पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला उंच माणूस, छाती काढून उभा. त्याचं बोट धरून एक पोरगी.

"ते नकटी मी," इंदूबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी मागचे खिळे काढले, फळी उचलली. फोटो एका जाड पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवला होता. पुठ्ठ्याच्या पाठीवर जांभळा शिक्का: कोल्हारचा मल्ल. खाली आकडा, आठ.

माय वं! मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. चित्र आतल्या बाजूनं, फोटोच्या खाली. ज्यानं कोणी चिकटवला त्यानं पाठीची बाजू सोडून चित्रावरच काहून चिकटवला, त्यालेच माहीत! अशी चीड आली. एकतीस वर्षं जे शोधलं, ते माझ्या टेबलावर होतं आणि मले दिसत नव्हतं.

पाण्यात ठेवलं तर खळ सुटते, हे मले चांगलं माहीत. पण बुरशीनं फोटोचा वरचा थर पोकळ झाला होता. तो टिकला तर टिकला, नाही तर माणूस पाण्यात विरघळून जाते. मी मनाले समजावलं: टिकन, बे. तू कच्चा कारागीर नाहीस. भर दुपारी ट्रे घेतला, पाणी ओतलं.

कामिनी दारात उभी. "त्यांले विचारलं काय?"

"काय विचारायचं? मले समजते माझं काम."

"कामाचं नाही म्हणत मी. बाप त्यांचा आहे."

भांडलो तिच्याशी. बोलू नये ते बोललो. मंग फोटोतल्या त्या बोट धरलेल्या पोरीकडं पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. ट्रे मोरीत उपडा केला.

दुसऱ्या दिवशी फ्रेम आणि माझा अल्बम घेऊन इंदोऱ्यात गेलो. सगळं सांगितलं, ट्रेसुद्धा. इंदूबाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"पाण्यात टाकनार होते माझ्या बापाले? एका पुठ्ठ्यासाठी?"

"हो बाई. चुकलंच माझं."

त्यांनी फ्रेम आपल्याकडं ओढून घेतली आणि विचारलं, "कोणता सिनेमा म्हणता?"

"कोल्हारचा मल्ल. दूधवाल्याचा."

त्या कपाळावर हात मारून हसायलेच लागल्या.

"अहो, मले विचारायचं ना! आजा झाडलोट करे सिनेमाच्या तंबूत. आमच्या लोकांले समोर बसू देत नव्हते, पडद्याच्या मागं बसवत. पडद्यावर लिहून येणारी अक्षरं सारी उलटी दिसत. आज्याले कुठं वाचता येत होतं! तो म्हणे, कुस्तीले काय होते? उताणा पडला तो समोरूनही उताणा, मागूनही उताणा. तंबू उठला तवा एक चित्र त्याले बक्षीस भेटलं होतं. म्हणजे हेच ते! बाबानं फोटो त्याच्यावर लावला. घरात एवढा मजबूत पुठ्ठा दुसरा नव्हता ना."

"मंग? कोण जिंकलं?"

"राजाचा पहिलवान. दूधवाला हरला."

"हरला?"

"हरला ना. गुडघ्यानं दगा दिला. आजा रडला म्हणे. आणि तरी दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसला. तिसऱ्याही दिवशी. आजी म्हणे, काहून जाता गा, रोज तेच तर दाखवतात. तर आजा म्हणे, आज तरी जिंकन."

एकतीस वर्षं मी कागदच धुंडाळत बसलो. सांगणारा माणूस इथं इंदोऱ्यात होता, माझ्या घरापासून ऑटोनं वीस मिनिटांवर.

"फोटो पुठ्ठ्यावरच राहू देतो," मी म्हटलं. "बुरशी कोरड्या ब्रशनं काढतो. वेळ लागन, पण बाबा जिथं आहेत तिथंच राहतील."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "दोघंही राहू द्या." मंग अल्बमकडं बोट दाखवलं. "ह्यात आहे काय तो दूधवाला? आमच्या घरात सगळ्यांनी आयकलं, आज्याशिवाय पाहिला कोणीच नाही."

मी अल्बम उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. एकेक पान सावकाश उलटलं. कावड, राजाचा पहिलवान, आखाडा. सातव्या कार्डावर त्या थांबल्या. पट्टी बांधलेल्या गुडघ्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

मंग मले विचारलं, "आज तरी जिंकन काय गा हा?"