राजाच्या कानामागचा खड्डा

बाबा वजनमाप खात्यातून निवृत्त झाले होते, पण वजनमाप काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. घरात आलेली भाजी काट्यावर जायची, साबणाची वडी जायची. नात जन्मली तेव्हा दवाखान्याच्या आकड्यावर भरवसा न ठेवता त्यांनी तिला टॉवेलसकट तोललं होतं, मग टॉवेल वेगळा तोलून वजा केला होता. सुनेला तेव्हापासून सासरे जरा जास्तच आवडायला लागले होते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

जुन्या नाण्यांच्या शौकिनांचा फोनवर एक गट होता आणि त्यात बाबांचा भारी दबदबा. "वजन करा, वाजवून बघा, लोहचुंबक लावा. कुणाची बिशाद आहे तुम्हाला फसवायची!" असं ते रोज सकाळी कुणाला ना कुणाला सुनावायचे.

तेच बाबा आज जेवणाच्या टेबलाशी बसून सासूबाईंचं नाणं कापसात गुंडाळत होते.

सारखी गुणगुणते म्हणून जिला सगळे भुंगी म्हणत, त्या लेकीला भरवता भरवता सुनेचा चमचा वाटेतच थांबला. सासूबाई गेल्यावर त्यांच्या शिवणाच्या डब्यातून बाबांनी स्वतःसाठी एवढंच मागून घेतलं होतं. चांदीचं, कुठल्याशा मिशाळ राजाचं नाणं. आत चॉकलेट असणार या खात्रीने तिच्या नवऱ्याने लहानपणी त्यावर हातोडी हाणली होती. राजाच्या कानामागे खड्डा पडला आणि नवऱ्याच्या कानाखाली आवाज निघाला.

"बाबा, हे कुठे निघालं?"

"अदलाबदलीला." बाबांनी फोन पुढे केला. जुन्या नाण्यांचं ते दुकान फक्त फोनमध्येच होतं. "हे बघ. हाच राजा, हीच मिशी, पण प्रत बघ! आपलं कसं मळकट, आणि हे कसं लख्ख. वर प्रमाणपत्र. आपलं पाठवायचं, वर थोडे पैसे भरायचे, की हे घरपोच."

"आपलं आधी पाठवायचं?"

"मग काय, ते आधी पाठवतील? अनोळखी माणसावर असा कुणी विश्वास टाकतं का?"

सुनेने फोनकडे पाहिलं. "बाबा, याच्याही कानामागे खड्डा आहे."

"तीच तर गंमत!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "तो खड्डा नव्हेच. टाकसाळीतला दोष आहे, अत्यंत दुर्मीळ! इथे लिहिलंय बघ. म्हणजे त्या दिवशी हातोडी लागलीच नव्हती. उगाच मारलं मी पोराला. सकाळीच त्याला ऑफिसात फोन करून माफी मागितली."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाला, बाबा, मीटिंगमध्ये आहे."

बाबांनी त्या फोटोची मोठी रंगीत प्रतसुद्धा काढून आणली होती आणि भिंग लावून लावून तिचा कोपरा मऊ केला होता. सुनेने ती हातात घेतली. राजा झळकत होता. त्याच्या खाली, अगदी कडेला, एक जांभळं गिचमीड होतं. तीन पायांचं बदक म्हणा, नाहीतर शिंगवाली किटली.

"आणि हे काय?"

"ती त्यांची खूण. सचोटीचा दुकानदार फोटोवर खूण टाकतोच. हल्ली लोक फोटो चोरतात गं!"

सुनेची नजर टेबलावरच्या फळांच्या टोपलीकडे गेली. भुंगीने टेबलावर काढलेलं ते बदक तिने ओल्या फडक्याने घासलं होतं, लिंबाने घासलं होतं, टूथपेस्टनेही घासलं होतं. शेवटी हात टेकले आणि वर फळांची टोपली ठेवून दिली. टोपली ठेवण्याच्या आधी, याच टेबलावर, बाबांनी आपल्या नाण्याचा फोटो काढून मोठ्या हौसेने गटावर टाकला होता.

तेवढ्यात बेल वाजली. कुरियरवाला दारात उभा. बाबांनी खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली.

सांगावं कसं? 'बाबा, तुम्ही तुमचंच नाणं विकत घेताय', हे तिच्याने बोलवेना, तेही परक्या माणसासमोर. भुंगी तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. सुनेने चमचा खाली ठेवला, टोपली उचलली आणि जिथे डाग होता तिथे, त्याला अगदी लागून, रंगीत प्रत ठेवली.

"बाबा, तेवढी चिकटपट्टी या बाजूने द्या ना."

बाबांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्यांनी प्रतीकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. भुंगीने आपली कलाकृती ओळखली आणि आनंदाने तिच्यावर थाप मारली.

"काका, लवकर," दारातून आवाज आला.

"थांब रे जरा," बाबा म्हणाले. आवाज खाली आला होता. मग खर्जात म्हणाले, "यांनी तर माझं टेबलसुद्धा विकायला काढलंय."

सुनेने ओठ घट्ट दाबून धरले. बाबांनी खोका उघडला. कापूस उलगडून नाणं बाहेर काढलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. मग ती रंगीत प्रत घेतली, चार घड्या घातल्या, कापसात नीट गुंडाळली आणि खोक्यात ठेवून चिकटपट्टी ओढली.

कुरियरवाल्याने खोका हातात घेऊन वरखाली केला. "काका, यात तर काहीच वजन नाही."

"बरोबर आहे," निवृत्त निरीक्षक म्हणाले. "त्यांच्या मालाइतकंच भरलंय. गुंजभर कमी नाही, की जास्त नाही."

दार लावून त्यांनी मुलाला ऑफिसात फोन लावला. "सकाळची माफी परत घेतोय. हातोडी तूच मारली होतीस. हो, मीटिंग चालू दे."

भुंगीचं तोंड पुसून झाल्यावर सून टोपली जागेवर ठेवायला गेली, तर बाबांनी ती हाताने बाजूला सारली.

"राहू दे," ते म्हणाले. "सचोटीच्या दुकानदाराची खूण आहे."