मंडपापासून लांब

तेरजवळच्या एका गावात सप्ताह बसला की गौरीशंकरचे पाय जमिनीला लागत नाहीत. मंडप, स्पीकर, पंगत, सगळं त्याच्याकडं. यंदा त्यानं भाड्यानं फिरते संडासही आणवले. गावानं वाहवा केली आणि लगेच बजावलं, पोथी चालते तिथून संडास दिसता कामा नये. गौरीशंकरलाही ते पटलं. त्यानं ते नांगरटीच्या रानापलीकडं, बांधाच्या आडोशाला नेऊन ठेवले. पावित्र्य राखलं गेलं, माणसांचं माणसं बघतील!

त्याची चुलती हरणाबाई दरवर्षी पारायणाला पुढच्या रांगेत बसायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून चालते. यंदा पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशी आलीच नाही. वय झालं, असं सगळे म्हणाले. गौरीशंकरची बायको दैवशाला मात्र नवऱ्याला घेऊन काकूच्या घरी गेली.

काकूनं आधी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मग हळूच म्हणाली, "काल सकाळपासनं पाण्याचा घोट घेतला न्हाई. तरी जावं लागलं. ढेकळात वॉकर रुतला. तितं पोचले तर पायरी ही एवढी उंच, अन् वॉकर दारातनं आत जाईना. माघारी येताना वाटंतच लुगडं भिजलं. आता चारचौघांत कशी बसू?"

गौरीशंकरला फार वाईट वाटलं. सांगितलं असतं तर सोबतीला दोन बायका दिल्या असत्या, असं तो पुटपुटला.

"उचलून न्यायला? तुमाला चाललं असतं का तसं?" दैवशाला म्हणाली. "मंडप आखताना तुमी चपलांला जागा धरली, काकूला न्हाई धरली. ज्याला सगळ्यात कमी चालता येतं, त्याच्या पायानं अंतर मोजावं."

त्यानं लगेच भाडेवाल्याला फोन लावला. रुंद दाराचा, आत धरायला दांडा असलेला संडासही मिळतो म्हणे. आधी कुणी विचारलंच नव्हतं! मंडपाशेजारी सपाट जागेवर तो बसवला, पायरीऐवजी उतार करून त्याला कठडा लावला, मुरूम टाकून वाट दाबली. गावातले वयस्कर रामलिंगदादा कुरकुरले, पोथीजवळ संडास? गौरीशंकर म्हणाला, "दादा, पोथी ऐकाया आलेली म्हातारी तहानेली बसती, ते देवाला चालतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी कठडा धरून त्या उतारावरून सगळ्यात आधी गेले ते रामलिंगदादाच. हरणाबाई पुढच्या रांगेत बसली होती.

मंडळी, आपल्याकडं लग्न निघेल, जत्रा भरेल, रस्त्याचं काम चालेल. संडास कुठं आणि कसा ठेवायचा, हे ठरवण्याआधी अडखळत चालणाऱ्या माणसाला विचारा. तो लाजेनं बोलणार नाही, म्हणून विचारणं आपलं काम आहे.