माढ्याचा दहा

"परत दहाच," कीर्ती स्वतःशीच पुटपुटली आणि खुर्चीत मागे रेलली.

शुक्रवार पेठेतल्या माडीवरच्या त्या ऑफिसात दुपारचं ऊन पाय पसरून निजलं होतं. माढ्याच्या दूध शीतकरण केंद्रातलं मशीन पुन्हा बंद पडलं होतं. असं झालं की तिच्या लॅपटॉपवरचा डीबगर, म्हणजे चुका शोधणारा प्रोग्राम, इथून मशीन चालवणाऱ्या सर्किट बोर्डाला विचारायचा, बाबा रे, का थांबलास? बोर्ड उत्तरादाखल नुसता एक आकडा कळवायचा. डीबगरच्या लेखी दहा म्हणजे मेमरीपर्यंत पोचताना झालेला बिघाड. मागच्या उन्हाळ्यातही दहाच आला होता. तेव्हा कीर्तीने छातीठोकपणे सांगितलं, दोष बोर्डाचाच. मेमरीची चिप दिपकने बसवलेली, म्हणून मालक इंद्रजीतने त्याचं सोल्डरिंग कच्चं ठरवून त्याला कामावरून काढलं. आता बोर्ड नवा होता, बसवणारा नवा होता आणि आकडा तोच.

पंख्याच्या घरघरीत तिचे डोळे मिटू लागले. अशा गुंगीत तिला तो बोर्ड माणूसच वाटायचा. उसाच्या फडांपलीकडे, गार खोलीत, दुधाच्या टाकीशेजारी एकटाच बसलेला. बोलायला कुणी नाही. आज तिने त्याला अर्धवट झोपेतच विचारलं, "दहा म्हणजे तुझं काय रे?"

आणि ती खडबडून जागी झाली.

हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. बोर्डाचे आकडे वेगळे, डीबगरचे वेगळे. वायरवर आकडा पाठवायचा तो डीबगरचा, असा रिवाज. ही अदलाबदल मधल्या एका लहानशा प्रोग्रामने करायची, आणि तो लिहिला होता कीर्तीने. बाईसाहेब अदलाबदल करायलाच विसरल्या होत्या. तिने बोर्डाच्या आकड्यांची यादी उघडली. त्याच्या बोलीत दहा म्हणजे बोर्डावरच्याच दुसऱ्या प्रोग्रामने मारलेली हाक. हाक आली तर काय करायचं, हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो हातातलं काम टाकून थांबायचा. चिपचा काही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.

इंद्रजीतने सगळं ऐकून घेतलं. "झालं ते झालं की. दिपकची जागा भरलीया आता. तू दुरुस्त कर अन् सोड."

तिने दुरुस्त केलं. सोडवेना मात्र. संध्याकाळी ती दिपकच्या घरी गेली. तो टॉवेलच्या कारखान्यातून पॅकिंगचं काम उरकून नुकताच आला होता. आत त्याची आई, मीनाबाई, तांदूळ निवडत होती.

"दिपकदादा, तुमची चिप नीट बसली होती," कीर्ती उंबऱ्याशीच म्हणाली. "चूक माझ्या प्रोग्रामची होती."

दिपकने आपली बोटं पसरून बघितली. "मला वाटलं, हात कापाय लागला माजा. म्हून परत सोल्डरिंगला हातच लावला न्हाय."

"मी सरांना सांगितलं. पण ते..."

"हळू बोला. आईला वाटतंय, काम कमी हाय म्हून बसवलंय, बोलवतील परत."

शरमेने कीर्तीला वर बघवेना. तेवढ्यात मीनाबाई सूप खाली ठेवून बाहेर आली. "हापिसातली हाय व्हय गं तू? बोलवाय आली का रं ही तुला?"

कीर्तीने दिपककडे पाहिलं. दिपक शांतपणे म्हणाला, "व्हय आई. बोलवायच आल्यात. मीच न्हाय म्हनलो."

"येडा हाईस काय?"

"हितं बरं हाय की माजं."

मीनाबाई पदर सारखा करून आत गेली आणि चहा घेऊन आली. चांगल्या कपात, बशीसकट.

"राग धरू नगं बाई," ती कीर्तीला म्हणाली. "पोरगं लई मानी हाय माजं. तुज्या सायबाला सांग तसं."

"सांगते," कीर्ती म्हणाली आणि कप दोन्ही हातांनी घेतला.