कॉस्टेकचा डावा गुडघा

माझ्या नवऱ्याचं पहिलं प्रेम मी नव्हे, हे मी लग्नाच्या दिवसापासून जाणून होते. पहिलं प्रेम म्हणजे पन्नास सालची हिरवी स्टुडबेकर चॅम्पियन मोटार. आमच्या लग्नाआधी दोन वर्षं कॉस्टेकने ती घेतली. मी मागाहून आले, म्हणून मी दुसरी. चर्चमधून निघताना माझा झगा गाडीच्या दारात अडकला तर हा बाबा आधी दाराला ओरखडा पडला का ते बघत होता.

गाडीही काय, पुढून बघावी तर विमानाचं नाक, मागून बघावी तर परत पुढूनच बघतोय असं वाटावं. लोक हटकून विचारायचे, "काय कॉस्टेक, येतोयस का जातोयस?" तिच्यात आणखी एक खुबी होती. चढावर थांबवली तरी ती मागे घसरायची नाही. हे तो येईल त्या पाहुण्याला छाती फुगवून सांगायचा. आमचं साऊथ बेंड पोळपाटासारखं सपाट. इथे चढ शोधायला जायचं कुठे?

पण हसणं वेगळं आणि तुच्छ मानणं वेगळं. त्या गाडीवर ज्यांचं नाव आहे ते भाऊ मुळात लोहार होते. आधी त्यांनी घोडागाड्या केल्या, मग मोटारी. शंभरावर वर्षं हे गाव त्यांच्या भोंग्यावर उठलं नि जेवलं. कॉस्टेक लाइनवर पेडलं बसवायचा, मी वरच्या मजल्यावर आसनांची कव्हरं शिवायचे. त्रेसष्टच्या डिसेंबरात, नाताळ तोंडावर असताना, कारखाना बंद झाला. माझ्या भावाने रागाच्या भरात दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. कॉस्टेकने रागाच्या भरात ती हिरवी गाडी पुसायला घेतली, आणि पुढची पंचावन्न वर्षं पुसतच राहिला.

मला तिला हात लावायची बंदी. "घरची शेव्हरोलेट तुझी, ही माझी," म्हणायचा. "हिचा क्लच तुझ्या पायाचा नाही." मी पाच फुटाला एक इंच कमी, तो सहा फूट दोन. बहात्तर साली तिचं आसन फाटलं तेव्हा नवीन कव्हर मी माझ्या हाताने शिवलं, दुहेरी टाका घालून. पण त्या आसनावर माझी जागा उजवीकडची.

आणि त्याचा डावा गुडघा. तो कायम दुखायचा. जेवणं झाली की पाय खुर्चीवर टाकून बसायचा आणि मी मलम चोळायचे. चोळताना तोंडाचा पट्टा चालूच, "विकून टाक ती गाडी. तिच्यात दुमडून बसतोस, म्हणून होतं हे." तो म्हणायचा, "चोळ गं, बोलू नकोस."

आता खरं काय ते सांगते. मी ती गाडी चालवायचे.

माझ्या वडिलांचं पुदिन्याचं शेत होतं आणि शेतावर एक खटारा ट्रक. क्लच मला तेराव्या वर्षीच येत होता. मग कॉस्टेक पत्ते कुटायला क्लबात गेला, शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळायला गेला, मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला गेला, की माझे हात शिवशिवायचे. दिवस ठरलेला नसायचा. मनात आलं की किल्ली उचलायची. नदीकाठच्या रस्त्याने मिशावाकापर्यंत जायचं, येताना बंद कारखान्याच्या फाटकाशी थांबायचं, आमच्या शिलाईच्या मजल्याच्या खिडक्या बघायच्या, नि घरी. आसन होतं तसं मागे ढकलून ठेवायचं. कुणाला पत्ता लागायचा नाही.

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली होती. त्या गाडीचा स्टार्टर क्लचच्या खाली असतो. किल्ली नुसती फिरवून काही होत नाही, क्लच थेट जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हा इंजिन जागं होतं. माझा पाय पोचेना. मी स्टिअरिंगला लोंबकळून क्लचवर अक्षरशः उभी राहिले. इंजिन सुरू झालं, पाय सटकला, गाडीने उडी मारली आणि माझं कपाळ काचेवर. हे एवढं टेंगूळ. कॉस्टेकने विचारलं तर म्हटलं, फडताळाचं दार लागलं. त्याने फडताळाकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि सूप प्यायला लागला. पुढच्या खेपेपासून मला काही त्रास झाला नाही. पाय बरोबर पोचायचा. सवयीने सगळं येतं, असं मला वाटलं.

मागच्या ऑक्टोबरात कॉस्टेक गेला. फेब्रुवारीत माझ्या जावयाने, डेलने, गाडी विकली. रस्त्यावर बर्फ आणि तो वितळवायला टाकलेलं, पत्रा खाणारं मीठ, मिठावर कॉस्टेकने ती कधी नेली नसती, म्हणून ट्रकवर चढवून नेली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. बघवलं नसतं. घेणारा एफ्राइन, चार गल्ल्या पलीकडे राहतो, शाळेत गणित शिकवतो. जूनमध्ये त्याचं लग्न आहे, नवरीला त्या गाडीतून आणायची म्हणून त्याने घेतली. चांगल्या घरी पडली म्हणायचं नि गप्प बसायचं, असं मी ठरवलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी चर्चमध्ये न्यायची टोपली भरत होते. उकडलेली अंडी, सॉसेज, किसलेला मुळा, लोण्याचं घडवलेलं कोकरू. बारा वाजता फादर टोपल्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. माझी मुलगी रेजिना टोपलीवर झाकायचा रुमाल इस्त्री करत होती. तेवढ्यात दारात एफ्राइन. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"बुशा, रागावू नका," तो म्हणाला. गल्लीतले सगळे मला बुशाच म्हणतात, आमच्या पोलिश आज्यांना हाच मान. "हे तुमच्यासाठी आणलंय."

उघडलं तर चाकाची चकचकीत टोपी. त्या गाडीची.

"ही इथे कशी?"

"गाडी सुरूच होत नाही हो. दोन महिने झाले. बॅटरी बदलली, तारा बदलल्या. माझा मित्र बघून गेला, तो म्हणाला इंजिन जाम झालंय. आज बारा वाजता एल्खार्टचा एक माणूस येतोय, सुटे भाग काढून नेतो म्हणाला. दारं, नाक, काचा. म्हटलं तुम्हाला आठवण म्हणून काहीतरी द्यावं."

माझे हात लोण्याने बरबटलेले होते, नाहीतर ती टोपी मी त्याच्याच डोक्यात घातली असती. कॉस्टेक मरेपर्यंत एकच वाक्य म्हणत आला होता, की ही गाडी मला एकदाही नाही म्हणाली नाही. आणि आता तिचे तुकडे होणार, घड्याळात सव्वाअकरा वाजलेले.

"सुरू कशी करतोस?" मी विचारलं.

"किल्ली फिरवतो. एक बटणही सापडलं, ते दाबतो."

"ते सिगारेट पेटवायचं आहे, गाढवा. क्लच दाबलास?"

"क्लच म्हणजे ते डावीकडचं तिसरं पेडल ना? गाडी जागची हलतच नाही तर ते कशाला दाबू?"

गणिताचा मास्तर हा. पण त्याला तरी काय बोल लावायचा, इथल्या पोरांनी तिसरं पेडल बघितलंय कुठे? मित्रही त्याच्याच वयाचा.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. चोराच्या मनात चांदणं. रेजिना इस्त्री हातात धरून माझ्याकडे बघत होती. ही पोरगी बापाच्या दफनाला सगळ्या लोकांसमोर उभी राहून म्हणाली होती, की आईने बाबांचा शब्द साठ वर्षांत एकदाही मोडला नाही. बायका डोळे पुसत होत्या, मीही पुसले होते. लाज कशी वाटली नाही मला.

"आई, तुला काय माहीत?" रेजिना म्हणाली. "तू तर त्या गाडीत कधी..."

"चालवायचे मी," मी म्हटलं. "बाबा बाहेर गेला की. चाळीस वर्षं तरी."

"बाबांच्या नकळत?"

"नकळतच. विचारून दिली असती का त्याने? रुमाल जळतोय बघ."

खरं तर क्लच जमिनीला टेकव एवढं सांगून भागलं असतं. पण मला जायचं होतं. एकदा शेवटचं बसायचं होतं तिच्यात, आणि आता चोरीही उघडी पडलीच होती. टोपली घेतली, ती चाकाची टोपी घेतली नि निघालो तिघं, रेजिनाच्या गाडीतून.

गॅरेजमध्ये ती उभी होती. एका चाकाची टोपी काढलेली, भिकाऱ्याने एक बूट घातल्यासारखी. मी आत शिरले, आसन पुढे ओढलं. माझे टाके जिथल्या तिथे होते. किल्ली फिरवली, डावा पाय टाकला आणि क्लच दाबला.

पाय पोचेना.

आणखी खाली सरकले, पाठ आसनावरून सुटली, तरी जमिनीला चार बोटं अंतर राहिलंच. पुन्हा दाबला. पहिल्या दिवशी उभी राहिले होते तशी आता ऐंशीव्या वर्षी उभी कुठली राहते? कमरेत कळ आली. मागच्या वसंतात मी ही गाडी नदीपर्यंत नेऊन आणली होती, तेव्हा पाय लोण्यात सुरी जावी तसा गेला होता. एका वर्षात माणूस एवढं आखडतं? मला रडू यायला लागलं. बारा वाजायला वीस मिनिटं होती आणि माझाच पाय मला दगा देत होता.

"मी दाबू का?" एफ्राइन खिडकीशी वाकून म्हणाला. "मला सहज पोचतं. आधी उलटं होतं. त्या पेडलावर पाय टेकवून बसलो की माझा डावा गुडघा स्टिअरिंगला आपटायचा, काळानिळा झाला होता. मग बघितलं तर क्लचवर हा एवढा जाड ठोकळा बसवलेला. तो काढला, तेव्हा नीट बसता आलं."

"कसला ठोकळा?"

त्याने फळीवरून काढून दिला. लाकडाचा, चार बोटं जाड, काळा रंग दिलेला, वरून पेडलाचंच रबर ओढून बसवलेलं, असं की बघणाऱ्याला वाटावं कारखान्यातूनच तसं आलंय. पेडलं बसवणाऱ्याचं काम ते.

"तुमचे मिस्टर बुटके होते का हो?" एफ्राइनने विचारलं.

"सहा फूट दोन," रेजिना म्हणाली.

मी तो ठोकळा मांडीवर घेऊन बसले. रबर एका बाजूने झिजलं होतं. फडताळाचं दार, टेंगूळ, आणि सूप पिणारा तो लबाड माणूस. पुढच्या खेपेपासून माझा पाय पोचायला लागला, आणि मला वाटलं सवयीने आलं. त्याच सुमारास त्याचा गुडघा दुखायला लागला. दर वेळी त्या ठोकळ्यावर पाय ठेवायचा म्हणजे गुडघा वर येणार आणि स्टिअरिंगवर आपटणार. चाळीस वर्षं मी तो गुडघा चोळला नि चाळीस वर्षं बडबडले. आणि तो म्हणायचा, चोळ गं, बोलू नकोस.

रेजिनाने खिडकीतून हात घालून माझ्या खांद्यावर ठेवला. "नकळत ना?" ती म्हणाली.

"बसव तो," मी एफ्राइनला म्हटलं. "आता, लगेच."

त्याने पाना आणला, खाली वाकून दोन नट आवळले. मी पाय टाकला. क्लच जमिनीला टेकला आणि इंजिन घरघरलं, एकदा खोकलं आणि चालू झालं. गॅरेजमध्ये निळा धूर भरला. एफ्राइन शाळेतल्या पोरासारखा टाळ्या पिटत होता. तेवढ्यात गेटाशी एल्खार्टवाल्याचा ट्रक आला. त्याने खिडकीतून डोकं काढलं, धूर बघितला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "मग मी काय करू?" एफ्राइन म्हणाला, "घरी जा, ईस्टर आहे." चाकाची ती टोपी मी एफ्राइनला परत दिली नि बजावलं, आधी चाकाला लाव.

चर्चला मीच नेली. रेजिना मागे टोपली सांभाळत, एफ्राइन माझ्या जुन्या जागेवर, माझ्या पायांकडे टक लावून. आम्ही पोचलो तेव्हा फादर शेवटच्या रांगेवर पाणी शिंपडत होते. चार थेंब मिळाले, पुष्कळ झाले.

बाहेर येऊन एफ्राइन गाडीत डोकं घालून खाली बघत बसला. मग म्हणाला, "बुशा, ही मला तुम्हीच शिकवा. जूनच्या आत. आणि ठोकळ्याचं सोपं आहे हो, दोन नटांचं तर काम. तुम्ही चालवणार असाल तेव्हा लावेन, एरवी काढून ठेवेन. तुमच्या मिस्टरांनीही तसंच करायचं ना. उगाच गुडघ्याचं वाटोळं करून घेतलं."

मी किल्ली त्याच्या हातात दिली.

"त्याला कसं कळणार रे," मी म्हटलं, "मी कुठल्या दिवशी जाणार ते."