रुद्रच्या कानांवरची कुंची

मी एक जुनी कुंची आहे, आणि खरं सांगायचं तर मी जरा चिडलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी एकच रडगाणं ऐकवतात. आम्हाला कुणी विचारत नाही, आम्ही अडगळीत पडलो, वगैरे. माझं गाऱ्हाणं उलटं आहे. मला कुणी डोक्यावरून काढतच नव्हतं. थंडी सरली, ऊन तापलं, लेकराच्या मानेवर घामोळं उठलं, तरी मी आपली तिथेच.

तुमच्यापैकी कुणी कुंची पाहिली नसेल, म्हणून सांगते. बाळाचं डोकं आणि दोन्ही कान झाकणारी, मागे पाठीवर कापडाचा घोळ सोडलेली आणि हनुवटीखाली बंदांची गाठ मारायची, अशी ती असते. सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावात चतुराबाईंनी मला हाताने शिवलं. त्यांच्या सुनेला, साधनाला, तेव्हा दिवस गेले होते. चतुराबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ झालेला भाग निवडला, लाल काठ कपाळावर येईल असा बसवला आणि थंडी लागू नये म्हणून कानांवरचं कापड दुहेरी केलं. घरी येणारी बाई मला हातात घ्यायची आणि म्हणायची, "टाका लई बारीक हाय." तेवढेच माझे कौतुकाचे दिवस.

साधनाला सातवा महिना लागला आणि दिवसा ग्रहण आलं. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं, कापलं तर बाळाला व्यंग येतं, असं आमच्या घरात सगळेच मानत. चतुराबाईंनी विळी आणि कात्री लोखंडी पेटीत टाकली. मी त्याच पेटीत होते. वर कुलूप लावून किल्ली त्यांनी कमरेला खोचली. कात्रीची आणि माझी ओळख तेव्हापासूनची.

बाळ हिंगोलीच्या एका दवाखान्यात जन्मलं. दणकट होतं, भोकाड पसरून रडत होतं. फक्त त्याचे दोन्ही कान पुरते घडलेले नव्हते. उजव्या बाजूला कोवळ्या शेंगेएवढा उंचवटा होता. डाव्या बाजूला कानाची जराशी घडी होती, पण आत जायला भोक नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लवकर दाखवा." चतुराबाईंनी मान हलवली आणि पिशवीतून मला काढलं. भेटायला आलेल्या बायका खोलीत शिरायच्या आत माझे बंद बांधून झाले होते.

मग त्या सुनेकडे वळल्या. "ग्रहणात काय चिरलंस? खरं सांग."

"इळी तर तुमीच पेटीत ठेवली व्हती, मामी." साधना सासूला मामी म्हणते. "म्या कशानं चिरू?"

"मंग नखानं काई खुडलं असशील."

ग्रहणाच्या दुपारी साधनाने परसातली गवारीची एक शेंग खुडून तोंडात टाकली होती. तिला ती शेंग आठवली आणि त्या दिवसापासून तिने तोंडातून ब्र काढला नाही. डॉक्टरांकडे चला, असं म्हणायचीही तिला चोरी झाली. मला संताप येत होता, पण कापडाला तोंड कुठे असतं?

बारशाला आत्या आली. बाळाच्या वडिलांची, म्हणजे सोमेश्वरची, ही बहीण पुनम. तिला डोंगरकडा गावात दिलेली. आमच्याकडे आत्याने बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि ती वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत आहे. पुनम वाकली. माझी कडा उचलायला तिने बोट घातलं तर चतुराबाईंनी तिचं मनगट धरलं.

"वरूनच कर," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

पुनमने दुहेरी कापडावरून, भोक नसलेल्या कानाशी, "कुर्र… रुद्र" म्हटलं. मी ऐकलं, बाळाने नाही. धपाटे मात्र दणादण पडले, त्या आवाजाने बाळ दचकलं आणि बायका हसल्या. सगळ्यांना वाटलं, नाव पोचलं.

घरात कुणालाच शंका आली नाही असं नाही. आजोबा माणिकराव एकदा म्हणाले, "ह्याला आयकू तरी येतंय का?" चतुराबाईंनी स्टीलची थाळी घेतली, रुद्रच्या मागे उभ्या राहिल्या आणि लाटणं हाणलं. रुद्र गर्रकन वळला.

"बघा! बराबर आयकतंय लेकरू."

झालं, विषय मिटला. मित्रांनो, मला त्या थाळीचा जेवढा राग आहे तेवढा कशाचाच नाही. थाळी, ट्रॅक्टर, हलगी, कुकरची शिट्टी, असले दणके रुद्रला कळायचे. पण साधना पाळण्याशी वाकून हळू बोलायची, ते काही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. आणि लेकरं बोलायला शिकतात ती त्या हळू बोलण्यातूनच. हे समजावून सांगणार कोण? येईल त्या पाहुण्याला थाळी वाजवून दाखवली जायची आणि पाहुणा चहा पिऊन समाधानाने जायचा.

रुद्र वाढला. मी घट्ट होऊ लागले तेव्हा वाटलं, चला, सुटले. चतुराबाईंनी मधोमध नवी पट्टी घालून मला मोठी केली. तो पायांवर चालायला लागला तरी मी डोक्यावर. शेजारची पोरं पाणी, मामा, भूर म्हणू लागली, रुद्र नुसता समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. "सोमेश्वर बी उशिराच बोलला व्हता," चतुराबाई सांगायच्या आणि सोमेश्वरही मान डोलवायचा. स्वतःचं तान्हेपण त्याला कसं आठवत होतं, देव जाणे.

नागपंचमीला पुनम माहेरी आली. रुद्र अंगणात वाटीत माती भरत बसला होता. तिने मागून हाक मारली, "रुद्र." त्याने मान वळवली नाही. ती तरातरा पुढे आली, माझे बंद सोडले, मला बाजेवर भिरकावलं आणि परत मागे जाऊन हाक मारली. रुद्र आपल्या मातीत गुंग.

"आई, म्या ठेवलेलं नाव ह्याला ठाऊकच न्हाई!" पुनमचा आवाज फाटला.

"थाळी आयकतंय की," चतुराबाई म्हणाल्या.

"थाळी काय नाव ठेवलंय का त्याचं?"

दुसऱ्या दिवशी पुनम आणि साधना रुद्रला घेऊन हिंगोलीच्या जीपमध्ये बसल्या. चतुराबाईही बसल्या, कारण वाटेत कुणी मला काढू नये. मी म्हणजे जणू त्या घराची अब्रू होते. एक बाई म्हणाली, "एवढ्या उकाड्यात कुंची काहून?" चतुराबाईंनी सांगितलं, "सर्दी हाय."

कानाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, कुंची काढा."

"थंडी वाजंल त्याला."

डॉक्टरबाईंनी उठून पंखा बंद केला आणि थांबून राहिल्या. शेवटी मला निघावंच लागलं. पुढची तपासणी झोपेत करायची होती. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवायच्या होत्या, पण माझ्याशिवाय रुद्र झोपेना. मग मला त्याच्या मुठीत दिलं तेव्हा कुठे त्याचा डोळा लागला.

"आतला कान चांगला आहे," तपासणी झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेरचा घडला नाही आणि वाट बंद आहे. दार लागलंय, पण आत माणूस जागा आहे, असं समजा. दार उघडत नसेल तर भिंतीवर थाप मारायची. कानामागच्या हाडावर टेकणारं एक यंत्र असतं, ते मऊ पट्ट्याने डोक्याला बांधतात. आवाज हाडातून आत जातो."

"आन् कान? कान कधी येतील?" चतुराबाईंनी विचारलं.

"कानाचं ऑपरेशन हा मोठा झाल्यावर करता येतं, बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन कान घडवतात. त्याला घाई नाही. ऐकण्याची आहे. हा पट्टा तान्हेपणीच बांधायला हवा होता."

साधना जमिनीकडे बघत म्हणाली, "माझ्यानंच झालं ना? ग्रहणात शेंग खुडली व्हती म्या."

"कितव्या महिन्यात?"

"सातव्या."

"अहो, कान तर पोटात पहिल्या तीन-चार महिन्यांतच घडतात. तुम्ही शेंग खुडली तेव्हा ह्याचे कान असे आहेत तसे घडून गेले होते. शेंगेचा काही संबंध नाही. तुमचाही नाही."

साधना पदर तोंडात धरून रडली. चतुराबाई बंद पंख्याकडे बघत बसल्या.

पट्टा मिळाला. आता तरी माझी सुटका होईल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. चतुराबाईंनी पट्टा बांधू दिला आणि वरून मला घातलं. "पट्टा दिसला तर सारं गाव इचारंल," त्या म्हणाल्या. त्या यंत्रावर काही दाबून बसलं की ते शिट्टी घालतं. मी दाबून बसले होते. यंत्र किंचाळत होतं, रुद्र रडून पट्टा ओढत होता आणि चतुराबाई सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, मशीनीनं लेकराला तकलीफ व्हून राहिली." पट्टा बिस्किटाच्या डब्यात गेला आणि डबा फळीवर. लेकराचं ऐकणं डब्यात आणि मी डोक्यावर! मित्रांनो, त्या दिवसांत कुणी मला चुलीत घातलं असतं तर मी हू की चू केलं नसतं.

मग एका सकाळी चतुराबाई ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. साधनाने फळीवरचा डबा काढला, मला उतरवून उंबऱ्यावर ठेवलं, पट्टा बांधला आणि रुद्रला सासूकडे पाठ करून अंगणात बसवलं. बाळंतपणापासून खाली गेलेली तिची मान आज वर होती.

"मामी, आता मारा हाक. थाळी नगं. तोंडानं मारा."

चतुराबाई उठल्या. हाक मारायला नाही, मला उचलायला. मला हातात घेऊन त्या रुद्रच्या मागे आल्या आणि नेहमीसारख्या स्वतःशीच पुटपुटल्या, "उघडंच बसवलं रं माझ्या लेकराला."

रुद्र वळला.

मी अजून त्याच्या डोक्यापासून हातभर लांब होते. त्याला कुणी शिवलं नव्हतं, त्याने काही पाहिलं नव्हतं. चतुराबाई दोन पावलं मागे सरकल्या. तो पुन्हा मातीकडे वळल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "रुद्र." ते आपलं नाव आहे हे त्याला अजून कळत नव्हतं, पण आजीचा आवाज कळला. तो परत वळला आणि हसला. चतुराबाई तिथेच मातीत बसल्या.

"एवढे दिस म्या…" त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी पेटी उघडली आणि कात्री काढली. माझ्या दोन्ही बाजूंचं, कानांवर येणारं दुहेरी कापड त्यांनी कापून टाकलं आणि कडा दुमडून शिवल्या, तसाच बारीक टाका घालून. आता मी फक्त टाळू झाकते. कान मलाही राहिले नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वाया गेलेल्या दिवसांचं. रुद्र त्याच्या बरोबरीच्या पोरांच्या मागे पडलाय, साधना रोज त्याच्यासमोर बसून एकेक शब्द म्हणते आणि तो अजून जेमतेम "आ" म्हणतो. डॉक्टरबाई म्हणतात, बोलेल, वेळ लागेल. तो वेळ आमच्याकडे होता, आम्ही तो झाकून ठेवला.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरात, शेजारी असं लेकरू आलं तर मोठ्या माणसांना सांगा. कान छोटा दिसला तर ऐकण्याची तपासणी आधी करा, थाळीवर भागवू नका. एकाच बाजूचा कान तसा असला तरी दुसऱ्याची तपासणी करा. त्याच्या आईला काय चिरलंस म्हणून विचारू नका. आणि माझ्यासारख्या कुंचीला थंडीपुरतीच वापरा.

परवा मी रुद्रच्या डोक्यावर बसून अंगणवाडीत गेले होते. चतुराबाई दारात उभ्या होत्या. मागून एका पोराने खणखणीत विचारलं, "ए, तुझा कान असा काहून हाय?" ज्या प्रश्नाला भिऊन माझा जन्म वाया गेला, तो हाच. चतुराबाईंचा हात माझ्याकडे आला आणि मध्येच थांबला.

कारण रुद्र त्या पोराकडे वळला होता. त्याला ऐकू आलं होतं.

"जल्मापासून तसा हाय," चतुराबाई म्हणाल्या. "पर आयकू येतंय त्याला. बोल की त्याच्यासंगं."