प्रिय ताई

'रहिवाशांनी संमतिपत्रावर सही करावी' हे वाक्य स्तंभलेखकाने खोडले आणि त्या जागी लिहिले : 'ताई, घाबरू नकोस. डोळे मिटून सही कर.'

समोरच्या टेबलावरच्या उपसंपादिकेने कागद वाचला.

"नदीकाठची घरं पाडून रस्ता होणार, ही बातमी. बदली घरं कुठे, ते कुठाय यात?"

"ते कोण वाचतं? वाचकाला कडेवर घ्यायचं असतं, बाई. खाली ठेवला की प्रश्न विचारतो."

गेली सहा वर्षे तो राजकारणावरचा मजकूर 'प्रिय ताई' अशा पत्रातून लिहीत होता. मंत्र्यांना ते पत्र आवडे, मालकांना त्याचा खप आवडे. वाचकांविषयी त्याचे मत ठाम होते : हळव्या शब्दाचा दोर गळ्यात अडकवला, की ही गुरे न हाकता चालतात.

आठवड्याभराने, भर दुपारी, त्याची सख्खी थोरली बहीण कचेरीत आली. आई गेल्यापासून दोघांत बोलणे नव्हते. ती नदीकाठी राहते, हे त्याच्या ध्यानातही उरले नव्हते. तिने पिशवीतून कात्रणांचा गठ्ठा काढला, तारीखवार टाचलेला.

"फोन करत नाहीस, पण पत्रं लिहितोस," ती म्हणाली. "मीच कधी उत्तर दिलं नाही. माझं अक्षर तुला ठाऊक आहे."

तो पेनाचे टोपण काढीत आणि लावीत राहिला.

"गल्लीत कुणी सही करेना. मी म्हटलं, माझ्या धाकट्यानं लिहिलंय, तो मला खड्ड्यात घालेल का? पहिली सही माझी. मग सत्तेचाळीस घरांनी केली. सोमवारी पाडायला येताहेत. नवी घरं कुठे, ते कुणी सांगत नाही. तेवढं उद्याच्या पत्रात लिही."

उपसंपादिकेची कळफलकावरची बोटे थांबली.

"बघतो," तो म्हणाला.

"बघू नकोस. लिही. शेजारणी वाट बघताहेत."

गठ्ठा पुन्हा नीट पिशवीत ठेवून ती जिना उतरली.

त्याने कोरा कागद ओढला. सवयीने 'प्रिय ताई' लिहिले गेले. ते त्याने इतके खोडले की कागद फाटला. त्याने दुसरा घेतला.

'प्रिय दादा,' त्याने लिहिले, आणि हात पुन्हा सरावाने चालू लागला.

थोरला भाऊ त्याला नव्हता.