पातेल्यातलं पाणी

गाडी कोणती घ्यायची, यावर घरात महिनाभर खल चालला होता. थोरल्याचा जीव पांढरीवर जडला होता, धाकटीचा निळीवर. दोन्ही विजेवर चालणाऱ्या, दोन्ही यंदाच बाजारात आलेल्या, आणि दोन्हींची दुकानं भर रस्त्यावर समोरासमोर, भांडायला उभी असल्यासारखी. जेवताना थोरला म्हणे, "पांढरी एका दमात किती लांब जाते, बघ जरा." धाकटी म्हणे, "लांब जाऊन करायचंय काय? निळीच्या सीटा उन्हाळ्यात गार होतात, दादा!" मग आमटी निवेपर्यंत दोघं हमरीतुमरीवर.

जिच्यासाठी गाडी घ्यायची, ती त्यांची आई शांतपणे जेवत असे. तिला सगळी गल्ली 'बाई' म्हणे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाईंचं शिकवणं काही सुटलं नव्हतं. ज्या शाळांत प्रयोगशाळा नाहीत, तिथे त्या आपली जुनी गाडी घेऊन जात. मागच्या सीटवर डबे असत. एकात भिंगं, एकात लोहचुंबक, एकात रबरी नळ्या आणि काचेची भांडी. बाई आल्या की पोरं दारातूनच ओरडत, "आज काय फुटणार?" आता त्या जुन्या गाडीचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नव्हतं आणि इंजिन सकाळी सकाळी रुसून बसत होतं.

गाडी नवी हवी, हे सगळ्यांना पटलं होतं. पण मध्यंतरी फाटकातून आत घेताना बाईंची गाडी खांबाला घासली, आणि तेव्हापासून थोरल्याने एकच धोशा लावला. "गाडी घेऊ, पण तू चालवायची नाहीस. माझ्या ऑफिसचा ड्रायव्हर शनिवार-रविवार मोकळा असतो. तो नेईल तुला."

एरवी एकमेकांचं काही पटवून न घेणारी ही भावंडं या बाबतीत मात्र एका सुरात बोलत.

"अरे, शनिवार-रविवारी शाळा बंद असतात," बाई म्हणाल्या होत्या.

"मग देवळात जा, मैत्रिणींकडे जा," धाकटी म्हणाली. "किती वर्षं डबे उचलणार आहेस?"

बाईंनी गाडी बघायला जायच्या दिवशी पिशवीत एक पातेलं टाकलं.

पांढरीच्या दुकानात टाय लावलेला एक तरुण हसतमुखाने पुढे आला. "या आजी, बसा. आजींना मागे आरामात बसवूया."

"आजी मी हिची," बाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. थोरल्याची ही मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. "तुझी बाई. आणि पाणी कुठे मिळेल?"

टायवाल्याने पेला भरून आणला. बाईंनी पिशवीतून पातेलं काढलं. "यात. काठाच्या बोटभर खालपर्यंत."

थोरल्याने कपाळाला हात लावला. "आई, हे काय आता?"

"प्रयोग. मागे बसून भिंगरी हे मांडीवर धरेल. तू चालव, मग ही चालवेल, मग मी. या शेजारच्या गल्लीला एक एक फेरी. पाणी सांडलं की कळेल कोण कसं चालवतं ते."

"आणि तुझ्या हातून सांडलं तर? मग ड्रायव्हरला नाही म्हणायचं नाही हं!"

"आधी गाडी तर सुरू कर."

थोरला ऐटीत बसला. गाडी आवाज न करता सुटली, आणि टायवाल्याने "पाय दाबून तर बघा, साहेब" म्हणताच त्याने दाबला. कोपरा आला तसा पाय उचलला. गाडी मागून कोणी शेपूट धरल्यासारखी आवळली, आणि मागच्या सीटवरून किंकाळी आली. "बाबा! माझा फ्रॉक!"

धाकटी खुदकन हसली. पुन्हा पाणी भरून ती बसली. तिने जपून नेली, पण वळणावर तिचाही पाय सुटला आणि भिंगरीचे मोजे भिजले.

मग बाई. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसे आपल्या नजरेला लावले, पट्टा दोनदा ओढून पाहिला. पन्नास-पन्नास पोरं रांगेत नेणाऱ्या बाईंची गाडीही तशीच सुटली, ना घाई ना रेंगाळणं. कोपऱ्याशी त्यांनी सवयीने पाय उचलला. गाडी आवळली. भचकन पाणी उडालं.

"झालं!" थोरला दुकानाच्या दाराशीच उभा होता. भिंगरीची ओली मांडी पाहून त्याने टाळी वाजवली. "विषय संपला. चला, ड्रायव्हरला फोन लावतो."

बाई खाली उतरल्या. त्यांनी पातेलं बॉनेटवर ठेवलं.

"सांडलं, माझ्या हातून सांडलं. तुझ्या हातूनही सांडलं, हिच्या हातूनही. तिघेही नापास. मग तिघांच्याही हातातलं स्टिअरिंग काढायचं, की एकट्या माझ्याच?"

थोरला फोन हातात धरून उभा राहिला. धाकटीने आपल्या चपलांकडे पाहिलं.

"माझ्या वर्गात," बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा चुकला म्हणून मी कोणाच्या हातातली परीक्षानळी काढून घेतली नाही. तू माझ्याच वर्गात होतास. चार फोडल्यास. पाचवी मीच तुझ्या हातात दिली होती."

"तीन!" थोरला पुटपुटला.

"चौथी बाकाखाली लपवली होतीस. मला दिसली होती."

भिंगरी ओला फ्रॉक पिळत पिळत फिदीफिदी हसायला लागली. "पण आजी, पाय नुसता उचलला तर गाडी थांबते का? ब्रेक तर कोणीच नाही दाबला."

बाईंचा चेहरा उजळला. हा प्रश्न मोठ्यांपैकी कोणालाच पडला नव्हता. "आपल्याकडे सायकलचा जुना डायनामो आहे ना, डब्यात? चाकाला टेकवला की दिवा लागतो, पण पेडल कसं होतं?"

"जड!"

"तसंच. पाय उचलला की ही गाडी आपल्या पळण्यातूनच वीज करून परत बॅटरीत भरते. तेवढा जोर तिला चाकांकडून घ्यावा लागतो, म्हणून ती मंदावते. आता बघायचं ते हे, की हा जोर आपल्याला हवा तेवढाच ठेवता येतो का." त्या टायवाल्याकडे वळल्या. "येतो का रे बाळा?"

"येतो ना, बाई! हा बघा पडदा. इथे बोट लावा, मग इथे, मग इथे."

बाईंनी बोट लावलं. पडदा ढिम्म. पुन्हा लावलं, दाबलं, घासलं. वयाने आणि जन्मभराच्या खडूने बोटांची टोकं कोरडी ठक्क झाली होती. घरातल्या फोनवरही त्यांना तोच त्रास. पडद्याला बाई दिसतच नव्हत्या.

"काळजी नको," टायवाला म्हणाला. "आम्ही करून देऊ. गाडी बंद केली की ते परत मूळचं होतं, पण निघताना घरातलं कोणीतरी बोट लावून देईलच की."

"घरातलं कोणीतरी," बाईंनी शब्द चघळले. "म्हणजे मला शाळेत जायला आधी याचं-त्याचं बोट मागायला लागणार. गाडी चांगली आहे हो. पण मला नको." आणि त्या पिशवी उचलून सरळ रस्ता ओलांडायला निघाल्या. मागोमाग पातेलं घेऊन भिंगरी, तिच्यामागे धाकटी, आणि सगळ्यांत शेवटी पांढरीकडे वळून वळून पाहणारा थोरला.

निळीच्या दुकानात चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिने गार सीटांचं पुराण सुरू करताच बाईंनी हात वर केला. "ते माझ्या लेकीला पाठ आहे. पाय उचलल्यावरचा जोर कमी कुठून करायचा?"

"स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या आहेत, बोटांनी ओढायच्या. डावी ओढली की जोर वाढतो, उजवीने कमी होतो."

बाईंनी उजवी ओढली. टक् असा आवाज झाला, समोरच्या काट्यांजवळ जोर दाखवणाऱ्या रेघांतली एक उतरली. परत ओढली. टक्. हवेचं बटण फिरवलं, ते फिरलं. काचेवरच्या पुसणीची दांडी ओढली, पुसणी हलली.

"ही मला ओळखते," बाई म्हणाल्या.

"मी म्हणतच होते निळी घ्या!" धाकटी फुशारली. "ड्रायव्हरलाही बरी पडेल."

"तू गारव्यासाठी म्हणत होतीस. आणि ड्रायव्हर तुझ्या दादाला लखलाभ. भिंगरे, पाणी भर."

पहिल्या फेरीला पुन्हा थोडं सांडलं. बाईंनी मान हलवली, एक रेघ आणखी उतरवली आणि म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्या फेरीला नुसते शिंतोडे उडाले. "पुन्हा." चष्मेवाली शेजारी बसून बघत राहिली. पाय एकदम न उचलता हळूहळू कसा सोडायचा, हे बाई स्वतःलाच मोठ्याने शिकवत होत्या, एखाद्या मागच्या बाकावरच्या पोराला शिकवावं तसं. "अंहं, घाई केलीस. कोपरा आधी दिसतो ना? मग आधीपासून सोड. हां, अस्संच."

फेरी संपवून त्या दाराशी थांबल्या, तेव्हा थोरला तिथेच घुटमळत होता.

"आणि आई, पुन्हा खांबाला घासलीस तर?"

"तर खांब रंगवीन. मागच्या वेळीही मीच रंगवला. तू पाहायलाही आला नाहीस."

"तुझी काळजी वाटते म्हणून बोलतो ना मी."

"वाटू दे. मी नाही म्हटलंय का? तुला पहिल्यांदा एकट्याने रस्ता ओलांडू दिला, तेव्हा मलाही काळजी वाटली होती. म्हणून तुला घरात कोंडून ठेवला नव्हता." त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. "बस."

"मी?"

"पोरगी चिंब झालीय. आता पातेलं तू धर."

थोरला ऑफिसच्या कडक इस्त्रीच्या पँटीत मागे बसला. भिंगरीने पातेलं पार काठापर्यंत भरलं आणि मोठ्या भक्तिभावाने बापाच्या मांडीवर ठेवलं. "हलू नका हं, बाबा."

गाडी निघाली. गल्ली सरली, कोपरा आला. समोरून एक सायकलवाला आडवा घुसला. धाकटीने दारात उभ्या उभ्या डोळे मिटले. बाईंचा पाय सावकाश सुटला, मग ब्रेकवर अलगद टेकला. पातेल्यातलं पाणी तिरकं झालं, काठाशी येऊन थरथरलं, आणि परत गेलं.

थोरल्याने रोखलेला श्वास सोडला. पातेल्यावरची नजर न काढताच त्याने विचारलं, "मंगळवारी कोणती शाळा आहे?"

"नदीपलीकडची."

"डबे मी ठेवून देईन गाडीत."

"ठेव. जड खाली, काच वर." बाईंनी उजवीकडचा दिवा लावला आणि आरशातून लेकाच्या कोरड्या पँटीकडे पाहिलं. "आणि त्या ड्रायव्हरला सांग, शनिवार-रविवार घरी पोरांशी खेळ म्हणावं. आता वळते हं. घट्ट धर."